मीडिया मॉनिटरिंगवरचा सरकारी खर्च: इंदुरात बसून हिशेब कसा मागवायचा

ओळखीतल्या तिघांनी गेल्या वर्षभरात माझ्यापुढे जवळजवळ सारखाच कागद ठेवला. वर कार्यालयाचा शिक्का आणि खाली एकच ओळ: "चाही गई जानकारी इस कार्यालय में संधारित नहीं है." तिघांचा प्रश्नही एकच होता, 'आपल्या कार्यालयाने मीडिया मॉनिटरिंगवर किती खर्च केला?' गंमत अशी की उत्तर खोटे नव्हते. त्या नावाचा कागद तिथे खरोखरच नव्हता. पैसे गेले होते 'प्रचार-प्रसार'च्या मदातून, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखालून, आणि देयकावर शब्द होता 'सोशल मीडिया प्रबंधन'.

वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि समाजमाध्यमे यांच्यावर नजर ठेवण्यासाठी सरकारी कार्यालय बाहेरच्या एजन्सीला पैसे देते. त्या पैशांचे कागद माहिती अधिकारातून कसे काढायचे, ते इथे क्रमाने देतो. क्रम मोडू नका. बहुतेक अर्ज पहिल्या दोन टप्प्यांत आळस केल्यामुळेच वाया जातात.

टप्पा १: कोणता खर्च हवा ते ठरवा

एकाच नावाखाली निदान चार वेगळी कामे चालतात.

पहिले काम जुने, कतरनचे. कार्यालयातला माणूस सकाळी नईदुनिया, भास्कर, पत्रिका, फ्री प्रेस असा गठ्ठा घेऊन बसतो, आपल्या खात्याच्या बातम्या कापून कागदावर चिकटवतो आणि साहेबांच्या टेबलावर ठेवतो. त्याचा खर्च म्हणजे पगार आणि वर्तमानपत्रांचे बिल. एजन्सीचे देयक इथे सापडायचे नाही, शोधू नका.

दुसरे, हेच काम एजन्सीला देणे: रोजच्या बातम्यांची पीडीएफ, वाहिन्यांच्या क्लिप, महिन्याचा अहवाल. तिसरे, समाजमाध्यमांवर लोक काय बोलतात ते टिपणे. हे जवळपास नेहमी कार्यालयाची पाने चालवण्याच्या कंत्राटात गुंडाळलेले असते, आणि गोंधळ सगळा इथे होतो. चौथे निवडणुकीतले. जिल्ह्याची मीडिया प्रमाणन आणि निरीक्षण समिती पेड न्यूजवर लक्ष ठेवते. तिचा हिशेब जिल्हा निर्वाचन कार्यालयात असतो आणि तो या बाकीच्यांत मिसळायचा नसतो.

तपासा: कोणते कार्यालय, कोणते आर्थिक वर्ष, यांपैकी कोणते काम, हे एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर अर्ज लिहायला बसू नका.

टप्पा २: पैसे देणारा शोधा

'सरकार' नावाचे कार्यालय कुठेच नाही. नगर निगम (महापालिका) वेगळे, इंदूर विकास प्राधिकरण वेगळे, स्मार्ट सिटीची कंपनी वेगळी, सिटी बस चालवणारी कंपनी वेगळी, पोलोग्राउंडची पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीही वेगळी. प्रत्येकाचा लोक सूचना अधिकारी (अर्ज घेऊन माहिती देणारा) स्वतंत्र आहे. राज्य पातळीवर जनसंपर्क विभाग आहे, आणि प्रचाराची बरीच कामे 'मध्यप्रदेश माध्यम' या भोपाळच्या संस्थेमार्फत होतात. आयआयटी, आयआयएम आणि राजा रामण्णा केंद्र हे तर केंद्राच्या अखत्यारीत, त्यांचा रस्ता आणि नियम दोन्ही निराळे.

निविदा काढणारा आणि पैसे देणारा एकच असेल असे धरून चालू नका. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला 'सोशल मीडिया कम्युनिकेशन हब' उभारायचे होते. निविदा मंत्रालयाच्या नावाने नव्हती, ती काढली होती बेसिल या सरकारी कंपनीने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ही तर पाळत ठेवणाऱ्या राज्यासारखी स्थिती होईल असे न्यायालयाने बोलून दाखवले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने प्रस्तावच मागे घेतला. त्या वेळी कुणी फक्त मंत्रालयाची निविदा-यादी चाळली असती तर हाती काही लागले नसते. दिल्लीत २००८ पासून इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर वाहिन्यांवर नजर ठेवते. त्याबद्दलचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून करायचा, इंदूरच्या कलेक्टर कचेरीत नाही.

स्मार्ट सिटीची जुनी कंत्राटे शोधत असाल तर आणखी एक. मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. म्हणून अर्ज कंपनीच्या नावे करा, पण 'नस्ती दुसऱ्या कार्यालयाकडे गेली असल्यास कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तिकडे पाठवावी' ही ओळ (नस्ती म्हणजे फाईल) घालायला विसरू नका.

टप्पा ३: आधी घरबसल्या जेवढे मिळेल तेवढे काढा

राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर आणि जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) आधी शोधा. शोधताना 'मीडिया मॉनिटरिंग' एवढेच टाकून थांबू नका. पीआर एजन्सी, सोशल मीडिया हँडलिंग, डिजिटल प्रचार, कंटेंट, आयईसी (माहिती-शिक्षण-संवाद), जनजागृती, आउटसोर्सिंग, असे एकेक शब्द हिंदीत आणि इंग्रजीत टाकून पाहा. 'जनजागृती'च्या निविदेच्या कामाच्या यादीत अकराव्या क्रमांकावर 'दैनिक मीडिया रिपोर्ट' सापडतो, असे माझ्या बाबतीत दोनदा झाले.

मग कार्यालयाचे अंदाजपत्रक उघडा. विज्ञापन एवं प्रचार-प्रसार, कार्यालय व्यय, व्यावसायिक सेवाएं या तीन मदांतल्या रकमा लिहून ठेवा. कलम ४(१)(ख) खाली अंदाजपत्रक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते. संकेतस्थळावर नसेल तर तेही अर्जात मागता येते.

हाती काय हवे: निविदा क्रमांक, तारीख, शक्य असेल तर एजन्सीचे नाव. एवढे असले की "संधारित नहीं है" लिहिणे कार्यालयाला जड जाते.

टप्पा ४: अर्ज लिहा

आपल्या लोकांची पहिली चूक इथेच होते. पुण्याहून कुणा मामेभावाने व्हॉट्सॲपवर 'जोडपत्र अ' पाठवलेले असते. तेच छापायचे, दहाचे कोर्ट फी तिकीट लावायचे आणि निगमात टाकायचे. ते जोडपत्र महाराष्ट्राच्या नियमांतले आहे. दीडशे शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय ही बंधनेही तिकडचीच. आपण मध्य प्रदेशात राहतो, नियम इथले लागतात.

दुसरी चूक भाषेची. इंदूरच्या रामबागेत आपण कितीही मराठी बोलत असलो तरी कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करायचा असतो. इथे म्हणजे हिंदी किंवा इंग्रजी. मी हिंदी सुचवतो, आणि तीही कार्यालयाची हिंदी. फाईल नव्हे, नस्ती. वर्क ऑर्डर नव्हे, कार्यादेश. बिल नव्हे, देयक. शेरे लिहितात ती नोटशीट. शब्द त्यांचेच वापरले की 'अर्ज अस्पष्ट आहे' ही पळवाट बंद होते.

तिसरी चूक सर्वांत महाग. लोक उत्तर मागतात, कागद मागत नाहीत. 'किती खर्च केला', 'का केला', 'याचा जनतेला काय फायदा', असले प्रश्न. आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कार्यालयाकडे जी माहिती आहे तीच द्यायची. नवी जमवून, बेरजा करून द्यायचे बंधन नाही. बेरीज तुम्ही करायची, कागद त्यांनी द्यायचे.

मजकूर साधारण असा ठेवा:

"वित्तीय वर्ष २०२४-२५ में आपके कार्यालय द्वारा समाचार पत्र, टीवी चैनल अथवा सोशल मीडिया की निगरानी, कतरन, मीडिया रिपोर्ट या सोशल मीडिया प्रबंधन हेतु जिस भी एजेंसी को कार्य दिया गया, उससे संबंधित निम्न अभिलेखों की सत्यापित प्रतियां प्रदान करें:
१. निविदा दस्तावेज, कार्य के दायरे सहित
२. तुलनात्मक दर पत्रक
३. कार्यादेश एवं अनुबंध
४. स्वीकृति की नोटशीट
५. समस्त देयक एवं भुगतान आदेश
६. किन्हीं दो माह की वे मीडिया रिपोर्ट, जो देयक के साथ प्रस्तुत की गईं"

सहावा मुद्दा वगळू नका. पैसे कशाचे दिले ते त्यातूनच दिसते. शेवटी एक ओळ: "अभिलेख अधिक होने पर पहले नस्ती का अवलोकन कराया जाए."

वर्षे एक किंवा दोन. माझ्या पहिल्या अर्जात मी उत्साहाने दहा वर्षांचे सगळे मागितले होते. एका कार्यालयाकडून पत्र आले: १,८६४ पाने, ३,७२८ रुपये जमा करा. सौ. म्हणाली, "एवढ्यात नवा मिक्सर येईल." मिक्सर आला, अर्ज सोडून दिला.

सावध: कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२) तेच म्हणते. तरीही लोक 'मी एक जागरूक नागरिक असून' पासून सुरू होऊन अर्धे पान भाषण लिहितात. त्यातल्या एखाद्या आरोपाला धरून कार्यालय उत्तर देते आणि मूळ मागणी तशीच राहते.

टप्पा ५: शुल्क आणि पोच

मध्य प्रदेशात अर्जाचे शुल्क १० रुपये. रोख भरा आणि पावती घ्या, किंवा नॉन-ज्युडिशियल स्टॅम्प लावा. कोर्ट फीचे तिकीट इथे चालत नाही. गरिबी रेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण कार्डाची प्रत जोडावी लागते. राज्याचे ऑनलाइन पोर्टलही आहे. मात्र तुमचे कार्यालय त्याच्या यादीत आहे की नाही ते आधी पाहा.

हाताने देत असाल तर दोन प्रती न्या आणि आवक शाखेत दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिघेही घ्या. बाबू नुसती सही ठोकून "हो गया, जाइए" म्हणतो. जायचे नाही. क्रमांक नसलेली पोच अपिलात कामाची नसते. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याच्या नोंदीची छापील प्रत, दोन्ही अर्जाला टाचून ठेवा.

टप्पा ६: दिवस मोजा

कार्यालयात अर्ज पोहोचल्यापासून ३० दिवस. दुसरीकडे हस्तांतरित झाला तर तिथे पोहोचल्यापासून मोजा. प्रतींचे शुल्क मागणारे पत्र निघाले की घड्याळ थांबते आणि तुम्ही पैसे भरल्यावर पुन्हा चालू होते. म्हणून असे पत्र आले की उशीर तुमच्याच खात्यात पडतो. प्रतींचा दर साध्या पानाला २ रुपये आहे. पत्रात पानांची संख्या आणि हिशेब दोन्ही लिहिलेले आहेत का ते पाहून मगच पैसे भरा.

एजन्सीचे कागद म्हणून कार्यालय कलम ११ खाली त्या एजन्सीला विचारू शकते. नोटीस ५ दिवसांत निघायला हवी, एजन्सीला म्हणणे मांडायला १० दिवस, आणि एकूण मुदत ४० दिवस होते. एजन्सीने 'देऊ नका' म्हटले तरी निर्णय लोक सूचना अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तिची हरकत म्हणजे नकार नव्हे.

मुदत उलटून गेल्यावर माहिती आली तर कलम ७(६) प्रमाणे ती मोफत. एकतिसाव्या दिवशी निघालेले शुल्कपत्र मुकाट्याने भरू नका.

टप्पा ७: नस्ती डोळ्यांनी पाहा

जमत असेल तर प्रती घेण्याआधी अवलोकन करा. नस्तीत नोटशीट एका बाजूला असते आणि पत्रव्यवहार दुसऱ्या. आधी नोटशीटच वाचा, तीही शेवटून पहिल्याकडे. मंजुरी कधी झाली, दर कुणी सुचवला, मुदतवाढ कशावर दिली, हे शेरे तिथे असतात. पानाला क्रमांक आहेत का ते बघा. मधला क्रमांक गळला असेल तर तेवढेच वहीत लिहा आणि निघताना अवलोकनाच्या अर्जावर नोंदवून सही घ्या.

फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. वाद घालून बाहेर येण्यापेक्षा पान क्रमांकांची यादी घेऊन यावे आणि तेवढ्याच प्रती मागाव्या. मी एकदा दीडशे पानांच्या नस्तीतून फक्त नऊ प्रती घेतल्या. अठरा रुपयांत काम झाले.

टप्पा ८: देयक वाचा

इथे घाई करणारे लोक वर्तमानपत्राला फोन करून मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडतात. एक कल्पित उदाहरण घेऊ.

महिन्याचा दर ८५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३००. देयक १,००,३०० रुपयांचे. पण एजन्सीच्या खात्यात तेवढे पडत नाहीत. कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर सरकारी कार्यालय मूळ रकमेवर २ टक्के जीएसटी-टीडीएस कापते, इथे १,७०० रुपये. त्याखेरीज आयकराची कपात. म्हणजे तुमच्या हाती दोन कागद आले, देयक आणि भुगतान आदेश (पैसे चुकते करण्याचा आदेश), आणि दोन्हींवरच्या रकमा वेगळ्या असल्या तर तो घोटाळा नव्हे, ती कपात आहे. आमच्या एका काकांनी या फरकाची प्रेसनोट लिहून तयार ठेवली होती. छापायला गेली नाही हे नशीब.

खर्चाची बेरीज कुठल्या आकड्यावर करायची? देयकाच्या एकूण रकमेवर, कारण कापलेला करही कार्यालयाच्याच खिशातून गेला. तुलना करायची तर मात्र जीएसटी वगळून मूळ दर धरा. एकाचा करासह आणि दुसऱ्याचा कराविना दर शेजारी मांडणे ही नेहमीची चूक आहे.

दर पाहून झाला की कामाच्या यादीकडे वळा. किती वर्तमानपत्रे, किती वाहिन्या, दिवसातून किती अहवाल, किती माणसे कार्यालयात बसणार, कोणत्या शब्दांवर शोध लागणार. मग सहाव्या मुद्द्यात आलेला महिन्याचा अहवाल शेजारी उघडा आणि मोजा. अक्षरशः बोट ठेवून मोजा. कार्यादेशात रविवारसह रोजचा अहवाल लिहिला असेल आणि गठ्ठ्यात सव्वीसच दिवस असतील, तर उरलेल्या दिवसांची कपात देयकात दिसते का? दंडाचे कलम अनुबंधात असते, लावलेले फार क्वचित दिसते.

अहवालाचा मजकूरही बघा. एका गठ्ठ्यात मला पानामागून पान कार्यालयाच्याच प्रेसनोटच्या छापून आलेल्या बातम्या मिळाल्या. स्वतः पाठवायचे, छापून आले की पैसे देऊन गोळा करायचे. तक्रारींच्या बातम्या त्या महिन्यात शहरात नव्हत्या असे नाही. खड्ड्यांवर अर्धे पान होते, ते गठ्ठ्यात नव्हते. बेकायदा म्हणता येणार नाही, पण मॉनिटरिंग कशाला म्हणायचे हा प्रश्न पडतो.

दोन खिशांचा खर्चही तपासा. एकाच एजन्सीचे त्याच महिन्याचे देयक दोन संबंधित कार्यालयांत असू शकते. कामे वेगळी असतील तर ठीक. म्हणून देयक क्रमांक आणि कामाचा कालावधी दोन्ही ठिकाणचे लिहून ठेवा. पालिकेच्या बाबतीत स्थानिक निधी संपरीक्षेच्या आपत्ती, म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप, मागवल्या तर कधी कधी आपले काम आधीच कुणीतरी करून ठेवलेले सापडते.

टप्पा ९: नकार आला तर

नकारात कलम लिहिलेले असायला हवे. नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

८(१)(घ), व्यापारी गुप्तता: कंत्राट देऊन झाल्यावर मंजूर झालेला दर आणि सरकारी पैशातून चुकती केलेली रक्कम गुप्त राहण्याचे कारण नाही, असे मांडा. एजन्सीच्या सॉफ्टवेअरची आतली रचना तुम्ही मागितलेलीच नाही, हेही लिहा. थोडा भाग खरोखर गुप्त असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचे देता येते.

८(१)(ञ), वैयक्तिक माहिती: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम कडक केले आहे. म्हणून एजन्सीच्या कर्मचाऱ्यांची नावे, फोन, बँक खाते मागूच नका. मागितलेत तर सगळा अर्ज त्यात अडकेल. व्यापक जनहिताचे कलम ८(२) मात्र जागेवर आहे, ते अपिलात जरूर घाला.

कलम २४: देखरेखीचे काम पोलिसांच्या सूट मिळालेल्या गुप्तवार्ता शाखेचे असेल तर भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा मुद्दा असल्याखेरीज दार बंद. तिथे वेळ घालवू नका.

पहिले अपील ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. मध्य प्रदेशात त्याचे शुल्क ५० रुपये. महाराष्ट्राच्या सवयीने २० चे तिकीट लावून पाठवलेली अपिले मी परत आलेली पाहिली आहेत. निकाल ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, भोपाळच्या अरेरा हिल्सवरच्या सूचना भवनात, शुल्क १०० रुपये. केंद्राच्या कार्यालयांसाठी अपिलाला शुल्क नाही. उशिराबद्दल दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आयोग लावू शकतो. तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो, तुम्हाला मिळत नाही.

अपिलात नवी माहिती मागू नका. मूळ अर्जातल्या सहा मुद्द्यांपुढे 'मिळाले', 'अपूर्ण', 'नाकारले' असे लिहा आणि अपूर्ण असेल तिथे कोणते पान नाही ते सांगा. सुनावणीला जाताना अर्ज, पोच, उत्तर, शुल्काची पावती अशा क्रमाने एकच गठ्ठा बांधा आणि त्याच्या तीन प्रती करा: एक अधिकाऱ्याला, एक लोक सूचना अधिकाऱ्याला आणि एक आपल्याला. तिसरी घरी विसरून गेलेला माणूस मी आहे. समोरच्याने "पान चार पाहा" म्हटले आणि माझ्याकडे पान चारच नव्हते.